ग्रहांची नावं पाठ, पण हात लावायला तयार नाही

पत्र थोडक्यात असं: चार वर्षांच्या मुलीचे बाबा लिहितात. पत्नी दिवसभर कामावर असते, हे घरून काम करतात. दुपारी मुलगी बालवाडीतून आली की यांना दोन-अडीच तास सलग कामाला बसावं लागतं. नुसती कार्टून लावण्यापेक्षा बरं, म्हणून ते त्या वेळात लहान मुलांसाठीचे विज्ञानाचे कार्यक्रम लावून देतात. वर्षभर हे चालू आहे. मुलीला आठही ग्रह क्रमाने येतात, डायनासोर ओळखता येतात, ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द ती बिनचूक म्हणते. पाहुणे कौतुक करतात, बाबांनाही अभिमान वाटतो. पण अलीकडे बालवाडीच्या ताईंनी एक गोष्ट सांगितली. पाण्याच्या टबात काय बुडतं, काय तरंगतं हे करून बघायचं होतं. बाकीची मुलं टबाभोवती जमली आणि ही बाजूला उभी राहून ‘मला माहितीये, जड वस्तू बुडते’ असं म्हणत राहिली. वस्तू हातात घ्यायलाच तयार नव्हती. पत्नीचं म्हणणं, ‘विज्ञान असो नाहीतर काही असो, टीव्ही तो टीव्ही. बंद करा.’ बाबांचं म्हणणं, चांगली गोष्ट बंद कशासाठी करायची? यावरून घरात खटके उडताहेत. ते विचारतात, आमच्यात बरोबर कोण?

ताईंनी जे टिपलं त्याबद्दल आधी त्यांचे आभार माना. मुलीला सगळं येतं म्हणून कौतुक करणारे पुष्कळ भेटतात, पण ती टबाजवळ येत नाही हे ज्याच्या लक्षात येतं असं माणूस क्वचित भेटतं.

तुम्ही दोघं चालू की बंद यावर वाद घालताय, पण एक गोष्ट दोघांनीही न तपासता धरून चालला आहात: मुलीचं बरंवाईट पडद्यावर काय लागलंय यावरून ठरतं. तुम्ही म्हणता चांगलं लागलंय म्हणून चांगलं, पत्नी म्हणतात पडदा आहे म्हणून वाईट. मला विचाराल तर या वयात कार्यक्रमाचं मोल तो संपल्यावर कळतं. तो बघून मूल उठतं का, काही शोधायला जातं का, तुम्हाला हाताला धरून काही दाखवायला नेतं का? तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात कार्यक्रम संपल्यानंतरचं एकही वाक्य नाही. बहुधा तो संपतच नसावा. एक भाग झाला की दुसरा आपोआप सुरू होत असणार.

आता तिचं ते वाक्य घेऊ. ‘जड वस्तू बुडते’ हे बरोबर नाही. टाचणी हलकी असूनही बुडते, आणि चार माणसांना न उचलणारा लाकडाचा ओंडका तरंगतो. वस्तू आपल्या आकारमानाच्या मानाने किती जड आहे आणि किती पाणी बाजूला सारते, यावर ते ठरतं. चार वर्षांच्या मुलीला हे कळावं अशी अपेक्षा कुणी करणार नाही. जड ते बुडतं असं या वयाच्या पुष्कळ मुलांना वाटतंच, ती टीव्ही बघोत न बघोत. त्यामुळे ती चुकली याची काळजी मला अजिबात नाही. तिच्याजवळ उत्तर तयार होतं म्हणून बघायचं कारणच उरलं नाही, हे मात्र मला लागलं.

एकदा घरी हे करा. खेळायच्या क्लेचा लिंबाएवढा गोळा पाण्यात सोडा. तळाला जाईल. तोच गोळा बाहेर काढून पुसा, अंगठ्याने दाबत दाबत त्याची वाटी करा, कडा उंच ठेवा आणि अलगद पाण्यावर ठेवा. तरंगेल. क्ले तीच, वजन तेवढंच. मुलं इथे थबकतात. मग कुणी वाटी बोटाने खाली दाबतं, आत पाणी शिरतं, वाटी तळाला जाते आणि ‘पुन्हा, पुन्हा’ सुरू होतं. कुणी कडा इतकी पातळ करतं की ती फाटते. कुणी एकेक मणी आत टाकत जातं, कितव्या मण्याला बुडते ते बघायला. या सगळ्यात ‘घनता’ हा शब्द कुणी उच्चारलेला नसतो. पण अंदाज बांधणं, करून बघणं, अंदाज चुकल्यावर चमकणं आणि एखादी गोष्ट बदलून पुन्हा बघणं, एवढं सगळं झालेलं असतं. चार वर्षांच्या मुलाचं विज्ञान ते एवढंच, आणि ते भरपूर आहे.

ग्रहांची नावं वाईट नाहीत. मुलांना लांबलचक नावं आवडतात, ती म्हणताना त्यांना मोठं झाल्यासारखं वाटतं, आणि त्या आवडीतून पुढे खरी ओढ निर्माण होऊ शकते. पण नाव येणं म्हणजे समजणं नव्हे, हे मुलांच्या बाबतीत फार नेमकेपणाने दिसलेलं आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्राथमिक शाळेतल्या मुलांशी पृथ्वीच्या आकाराबद्दल बोलून पाहिलं होतं. ‘पृथ्वी गोल आहे’ हे वाक्य मुलांना येत होतं. पण आणखी खोदून विचारल्यावर काहींच्या मनातली पृथ्वी पोकळ गोळ्यासारखी निघाली, माणसं आतल्या सपाट जमिनीवर राहणारी. ऐकलेलं वाक्य आणि रोज पायाखाली दिसणारी सपाट जमीन यांचा मेळ त्यांनी आपल्या परीने घातला होता. तुमची मुलगी तर त्या मुलांपेक्षाही लहान आहे. ग्रहांबद्दल तिला काय वाटतं हे एकदा तिलाच चित्र काढायला सांगून बघा. चूक दुरुस्त करू नका, फक्त ‘इथे काय आहे?’ म्हणून विचारत जा. तुम्हाला तिच्या डोक्यात डोकावायला मिळेल आणि तिला, बाबांना खरंच जाणून घ्यायचंय, हे कळेल.

ती टबापासून लांब का राहिली याची कारणं अनेक असू शकतात. गर्दी नको वाटली असेल, बाही ओली होणं आवडत नसेल, त्या दिवशी झोप अपुरी झाली असेल. एका प्रसंगावरून निष्कर्ष काढू नका. ओल्या, चिकट, खरखरीत वस्तू ती सगळीकडेच टाळत असेल, किंवा इतर मुलांत मिसळायचंच टाळत असेल, तर बालरोगतज्ज्ञांशी एकदा बोला. पण आणखी एक शक्यता तुमच्याच पत्रात आहे. वर्षभर तिला कौतुक मिळालं ते बरोबर उत्तर सांगण्याचं. ‘हुशार’ म्हणून नाव झालेल्या मुलाला हात घालून चुकण्याची भीती वाटू शकते, कारण त्याच्याकडे गमावण्यासारखं काहीतरी असतं. वस्तू टबात टाकली आणि भलतंच झालं तर? त्यापेक्षा बाहेर उभं राहून माहितीये म्हणणं सुरक्षित. हे तुमच्या मुलीच्या बाबतीत खरं असेलच असं मी म्हणत नाही. पण पाहुण्यांसमोर ग्रह म्हणून दाखवायला सांगणं आजपासून थांबवा. त्याने नुकसान काहीच नाही.

मोठ्यांनी उत्तर आधी देण्याचा काय परिणाम होतो, हे २०११ साली एका प्रयोगात सुंदर दिसलं. बालवाडीच्या वयाच्या मुलांना एक खेळणं दिलं, त्यात अनेक गमती दडलेल्या होत्या. काही मुलांना मोठ्या माणसाने शिकवण्याच्या सुरात सांगितलं, ‘बघ, हे असं चालतं’, आणि एक गंमत दाखवली. काहींसमोर तीच गंमत चुकून घडल्यासारखी झाली. पहिल्या मुलांनी दाखवलेली गंमत पुन्हा पुन्हा केली आणि खेळणं लवकर खाली ठेवलं. दुसऱ्या गटाने उलटसुलट करून बाकीच्या गमती हुडकल्या. शिकवू नये असा याचा अर्थ नाही. शिकवलेलं ती मुलं नीटच शिकली. पण मोठ्याने एवढंच दाखवलं म्हणजे यात एवढंच आहे, असा अर्थ मुलं लावतात. विज्ञानाच्या पुष्कळ कार्यक्रमांचा सूर असाच असतो: बघ, हे असं असतं. दिवसाला दोन-अडीच तास हा सूर ऐकणाऱ्या मुलीने ‘मला माहितीये’ म्हटलं तर नवल नाही.

म्हणून पत्नीचं म्हणणं सगळं मान्य करू का? नाही, कारण टीव्हीवरून लहान मुलं शिकत नाहीत हे खरं नाही. १९६९ साली अमेरिकेत ‘सेसमी स्ट्रीट’ सुरू झालं तेव्हापासून या विषयावर चिकाटीने काम झालंय. त्या कार्यक्रमाचे संशोधक मुलांना टीव्हीसमोर बसवत आणि शेजारी दुसऱ्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी बदलणारी चित्रं दाखवत. मुलाची नजर ज्या क्षणी शेजारच्या चित्राकडे वळे, तो क्षण टिपून ठेवत आणि तेवढा तुकडा सुधारत. १९९६ साली आलेल्या ‘ब्लूज क्लूज’ने आणखी एक पाऊल टाकलं. त्यातला माणूस प्रश्न विचारून खरोखर थांबायचा, मुलाला उत्तर द्यायला वेळ द्यायचा, आणि एकच भाग आठवड्यातले पाच दिवस लागायचा. मोठ्यांना हे कंटाळवाणं वाटेल, पण अभ्यासात दिसलं की पुन्हा पुन्हा बघताना मुलांची समज वाढत गेली आणि पडद्याला उत्तरं देणंही वाढलं. ज्या घरात मूल ‘तोच भाग लाव’ म्हणून हट्ट करतं, त्यांनी खुशाल तोच लावावा.

विज्ञानाचेही चांगले कार्यक्रम आहेत. २००८ सालची ‘सिड द सायन्स किड’ ही मालिका बालवाडीसाठी तज्ज्ञांनी आखलेल्या विज्ञान अभ्यासक्रमावर उभी आहे. त्यातल्या मुलाला सकाळी एखादा साधा प्रश्न पडतो आणि दिवसभर त्याचा पाठपुरावा होतो. २००४ सालच्या ‘पीप अँड द बिग वाइड वर्ल्ड’मध्ये छोट्या पक्ष्यांची गोष्ट झाली की खरी मुलं खऱ्या वस्तूंशी खेळताना दिसतात. मला ही दुसरी रीत फार आवडते. पडद्यावरच्या मुलाच्या हाताला चिखल लागलेला दिसला की बघणाऱ्या मुलालाही आपले हात आठवतात.

पण माझी यादी घेऊन बसू नका. एखादा भाग तुम्ही स्वतः दहा मिनिटं बघा आणि काही गोष्टींवर नजर ठेवा. त्यात कुणी चुकतं का, आणि चुकल्यावर पुन्हा करून बघतं का? की सगळ्यांना सगळं आधीच येतं? प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये श्वास घ्यायला जागा आहे का? माहिती गोष्टीच्या पोटात आहे का, म्हणजे ती काढली तर गोष्टच अडेल का, की धावपळ थांबवून मध्ये एक धडा चिकटवलाय? माहिती गोष्टीशी एकजीव असेल तर मुलांना ती जास्त लक्षात राहते, नाहीतर त्यांना फक्त धावपळ आठवते. आणि मी सर्वांत जास्त वजन देईन तो प्रश्न: यात दाखवलेलं माझं मूल आज, घरातल्या वस्तूंनी करून बघू शकेल का? सावली, उतार, बर्फ, बी, चुंबक, आवाज, पाणी यांवरचे भाग आधी निवडा. कृष्णविवर थांबू शकतं.

वेगाकडेही बघा. २०११ सालच्याच एका प्रयोगात चार वर्षांच्या मुलांनी भरधाव, अचाट घटनांनी भरलेलं कार्टून फक्त नऊ मिनिटं बघितल्यावर, लक्ष एकाग्र ठेवण्याच्या आणि स्वतःला आवरण्याच्या कामांत चित्रं काढत बसलेल्या मुलांपेक्षा ती मागे पडली. नंतरच्या कामातून असं दिसलं, की दोष नुसत्या वेगापेक्षा अशक्य घटनांच्या गर्दीचा जास्त असावा. विज्ञान म्हणून विकले जाणारे काही कार्यक्रम याच साच्याचे असतात. प्राण्यांना कपडे घालून बोलतं केलेलं असतं तिथेही थोडं जपा. गोष्ट म्हणून त्यात काही वावगं नाही, पण चित्रांच्या पुस्तकांवरच्या एका अभ्यासात असे प्राणी बघितल्यावर मुलांनी खऱ्या प्राण्यांनाही माणसासारख्या भावना आणि विचार चिकटवले, आणि खरी माहिती कमी उचलली.

वेळेच्या बाबतीत मात्र पत्नीचं पारडं जड आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलांनी बसून पडदा बघण्याचा वेळ दिवसाला एका तासाच्या आत असावा, कमी असेल तर उत्तम. विज्ञानाला यात सूट नाही, कारण मुद्दा फक्त काय बघितलं याचा नाही. त्या अडीच तासांत धावणं, पडणं, बोलणं, कंटाळणं आणि कंटाळ्यातून खेळ काढणं, हे सगळं राहून जातं.

तुम्हाला काम करायचंय, हे मी विसरलेली नाही. त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. पण तो वेळ ‘तिच्या शिक्षणाचा’ आहे असंही स्वतःला सांगू नका. टीव्ही कधीकधी तुम्हाला काम करता यावं म्हणून लागतो, एवढं साधेपणाने मान्य केलं की किती वेळ लावायचा हे ठरवणं सोपं जातं आणि पत्नीशी बोलणंही.

मी तुमच्या जागी असते तर अशी सुरुवात केली असती. आपोआप पुढचा भाग सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन आजच बंद केली असती. रोज एकच भाग, वीस-पंचवीस मिनिटांचा, आणि आठवडाभर तोच. तुमचा महत्त्वाचा कॉल असेल तेव्हा तो ठेवा, म्हणजे शांतता हवी तिथे मिळेल. भाग संपायच्या आधीच एक ट्रे तयार ठेवा, त्यात त्या भागातल्याच वस्तू. सावलीचा भाग असेल तर टॉर्च, दोन-तीन खेळणी आणि मोकळी भिंत. बर्फाचा असेल तर ताटलीत चार खडे: एक उन्हात, एक सावलीत, एक फडक्यात गुंडाळलेला आणि एक तिने ठरवलेल्या जागी. टब किंवा बादलीभर पाणी मात्र ती एकटी असताना ठेवू नका, पाण्याचे खेळ तुम्ही समोर असतानाच. टीव्ही बंद झाला की ट्रे तिच्यापुढे, आणि तुम्ही पाच मिनिटं शेजारी. तेवढीच पाच मिनिटं. मग तुम्ही कामाला.

पहिले काही दिवस ती रडेल, ‘अजून एक’ म्हणेल, तुमचं काम खोळंबेल. दोन-अडीच तास एका दमात मिळणार नाहीत, हेही स्पष्ट सांगते. कामातला थोडा भाग सकाळी किंवा पत्नी आल्यावर सरकवता आला तर बघा. नाहीच जमलं, तर निदान टीव्ही कुणी बघत नसताना नुसता चालू ठेवू नका. मागे टीव्ही चालू असला की लहान मुलांचा खेळ तुटक होतो आणि आईबाबांचं मुलांशी बोलणंही कमी होतं, हे अभ्यासांत दिसलंय.

संध्याकाळी तोच भाग पाच-सात मिनिटं तिच्याबरोबर बघा, हे काम पत्नीलाही आवडेल. मध्येच थांबवा आणि विचारा, ‘आता काय होईल गं?’ तीन वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात, आईबाबांनी असं मध्ये थांबून प्रश्न विचारले तेव्हा मुलांना नुसतं बघण्यापेक्षा गोष्ट जास्त कळली आणि शब्दही जास्त आले. कार्यक्रम दुसऱ्या भाषेतला असेल तर हे बोलणं घरच्या भाषेतच होऊ द्या. ‘मेल्ट’ तिला टीव्हीने दिला असेल, ‘वितळतोय’, ‘पाघळला’, ‘थेंब ठिबकतोय’ हे तुमच्याकडून यायला हवं.

आणि ती ‘मला माहितीये’ म्हणाली की खोडून काढू नका. ‘हो? मग हे बुडेल की तरंगेल, तुला काय वाटतं?’ म्हणा आणि तिचा अंदाज कागदावर मांडा, बुडेलसाठी खाली बाण, तरंगेलसाठी वर. तुमचाही अंदाज मांडा आणि तुमचा चुकू द्या. बाबांचा बाण चुकला आणि बाबा खुश झाले, हे तिला चार-दोन वेळा बघू द्या. कौतुक करायचं तर बरोबर निघालेल्या बाणाचं नको, ‘तू वाटी उलटी करून पण बघितलीस!’ असं करा.

पत्नीशी बोलताना ‘बंद की चालू’ हा प्रश्नच बाजूला काढा. महिनाभर ही पद्धत करून बघायची, मुलगी दुपारी आपणहून काय करते ते दोघांनी टिपायचं, आणि महिन्याने ताईंना विचारायचं. भाग कोणते ठेवायचे हे दोघांनी मिळून बघून ठरवा. त्यांना एखादा पटला नाही तर तो काढून टाका, कार्यक्रमांना तोटा नाही.

याच विषयावर इतरही काही पत्रं आहेत, दीड-दोन वर्षांच्या मुलांच्या आईबाबांची: लवकर सुरू केलं तर जास्त शिकेल का? त्यांना माझं उत्तर ‘थांबा’ असं आहे. १९९८ च्या एका प्रयोगात शेजारच्या खोलीत खेळणं लपवताना दोन वर्षांच्या मुलांना दाखवलं. खिडकीतून बघितलेल्या मुलांनी ते शोधून काढलं, व्हिडिओवर बघितलेली बहुतेक मुलं गोंधळली. अडीच वर्षांच्या मुलांना मात्र व्हिडिओवरूनही जमलं. २०१० च्या दुसऱ्या एका अभ्यासात एक ते दीड वर्षाच्या बाळांना शब्द शिकवणारी व्हिडिओ महिनाभर दाखवली. ती न बघणाऱ्या बाळांपेक्षा त्यांना जास्त शब्द आले नाहीत. सर्वांत जास्त शब्द आले ते ज्या घरांत व्हिडिओ नव्हतीच आणि आईबाबांनी रोजच्या बोलण्यात ते शब्द वापरले, तिथे. ज्या आईबाबांना ती व्हिडिओ आवडली होती, त्यांनाच बाळ खूप शिकल्यासारखं वाटलं. दोन वर्षांच्या आतल्या मुलासाठी कार्यक्रम शोधत बसू नका. आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल जरूर लावा, कारण पलीकडचं माणूस बाळाला बघून उत्तर देतं.